अर्धा तुकडा सलाइनमध्ये घाला

प्रति,
मा. समुचित प्राधिकारी (मानवी अवयव व ऊती प्रत्यारोपण कायदा, १९९४), महाराष्ट्र राज्य,
आणि राज्यातल्या सर्व नोंदणीकृत प्रत्यारोपण केंद्रांचे प्रमुख यांस

विषय: प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना होणारे बुरशीचे संसर्ग, त्यांचं निदान आणि औषध

स. न. वि. वि.

मी ३१ वर्षं सरकारी रुग्णालयांच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून काढली. त्यातली शेवटची १२ वर्षं बुरशीच्या बेंचवर. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, साठीला टेकल्यावर, माझं डावं मूत्रपिंड धाकट्या भावाला दिलं. बुरशी ओळखणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, आणि माझं मूत्रपिंड ज्याच्या पोटात बसवलं त्याच्याच छातीत ती वाढत होती तेव्हा मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर हातावर हात धरून बसले होते. हे पत्र बहीण लिहिते आहे की तंत्रज्ञ, ते मलाच अजून ठरवता आलेलं नाही. दोघींचं म्हणणं मात्र एकच आहे.

केंद्राला नोंदणी देताना आणि दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण करताना आपण सर्जन मोजता, भूलतज्ज्ञ मोजता, आयसीयूच्या खाटा मोजता. शनिवारी संध्याकाळी फुप्फुसाचा तुकडा काढला, तर त्यात बुरशी आहे का आणि कुठल्या जातीची, हे त्याच रात्री सांगणारं तिथे कोणी आहे का, हेही मोजा.

झालं ते असं. भावाचं वय ५४, गावाकडे दोन एकर आणि एसटीच्या डेपोतली नोकरी. प्रत्यारोपण छान झालं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा रक्तातला आकडा, कमी तेवढा चांगला) १.१ वर आलं तेव्हा त्यानं डायलिसिसच्या सिस्टरना पेढे नेऊन दिले. दीड महिन्यात साखर वाढली. त्याला आधी मधुमेह नव्हता. शरीरानं नवा अवयव नाकारू नये म्हणून दिलेल्या टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइडनं अनेकांना होतो, तसा त्यालाही झाला. दहाव्या आठवड्यात बारीक ताप, कोरडा खोकला, उजव्या बाजूला दुखणं. सीटीत वरच्या भागात एक डाग दिसला, मधे धुरकट आणि भोवती दाट कडं. डॉक्टर हुशार होते. त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं, बुरशी असू शकते, तुकडा काढू.

शनिवारी दुपारी चारला सुईनं तुकडा काढला. वॉर्डचे मामा बाटली घेऊन बाहेर आले आणि माझ्या नाकाला आधी कळलं, डोळ्यांना नंतर. फॉर्मॅलिन. मी विचारलं, "मामा, बाटली एकच?" ते म्हणाले, "एकच, ताई." मी आत गेले. रेसिडेंट पोरगा ३६ तासांचा जागा असावा. तो सभ्यपणे म्हणाला, "मावशी, हिस्टोपॅथला जातंय, सोमवारी प्रोसेस होईल." मी म्हटलं, "अरे, कल्चरला? केओएचला?" त्यानं फॉर्म पुन्हा पाहिला. फॉर्मवर तो रकाना होता. कोणी खूण केली नव्हती, एवढंच.

ज्यांनी लॅबमध्ये काम केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. फॉर्मॅलिनमध्ये तुकड्याची रचना टिकते, पण त्यातला जिवाणू काय आणि बुरशी काय, सगळं मरतं. मेलेल्यातून काही उगवत नाही, म्हणजे कल्चर होत नाही. म्हणून तुकडा दोन ठिकाणी जायला हवा. अर्धा फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीला (तेच हिस्टोपॅथ), अर्धा साध्या निर्जंतुक सलाइनमध्ये आमच्याकडे. आमच्याकडचा अर्धा आला की त्यातला कण काचेवर ठेवायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे, म्हणजे केओएचचे, दोन थेंब टाकायचे, झाकायचा. वीस-पंचवीस मिनिटांत मांस विरघळून पारदर्शक होतं, बुरशीचे धागे तसेच राहतात. अॅस्परजिलस नावाच्या बुरशीचे धागे बारीक, पडदे असलेले, लहान कोनात फुटणारे. म्युकरचे, म्हणजे लोक जिला काळी बुरशी म्हणतात तिचे, रुंद, रिबिनीसारखे मुडपलेले, पडदे जवळपास नसलेले, काटकोनात फुटणारे. खर्च चहा-बिस्किटांपेक्षा कमी. कॅल्कोफ्लोअर हा चमकणारा रंग आणि फ्लुरोसंट मायक्रोस्कोप असेल तर आणखी सोपं, पण नसला तरी अडत नाही. मी बारा वर्षं साध्या मायक्रोस्कोपवर ओळखत होते.

आणखी एक गोष्ट, जी चांगल्या लॅबमध्येही चुकते. इतर तुकडे आपण खलून, वाटून प्लेटवर लावतो. म्युकरचा संशय असेल तर वाटायचं नाही, ब्लेडनं बारीक तुकडे करायचे. त्याच्या धाग्यात मधे भिंती नसतात. एका जागी फुटला की पाइपमधलं पाणी जावं तसं आतलं सगळं वाहून जातं आणि मग प्लेटवर काही येत नाही. म्युकरचं कल्चर असंही कितीतरी वेळा कोरडंच येतं. त्यात आपण आपल्या हातानं भर घालायला नको.

आता त्या शनिवारपासून बुधवारपर्यंत काय झालं ते सांगते. रक्तातली गॅलॅक्टोमॅनन तपासणी रविवारी निगेटिव्ह आली. राउंडला कोणीतरी म्हणालं, "म्हणजे बुरशी नसावी." ही तपासणी अॅस्परजिलसची आहे. मूत्रपिंडवाल्या रुग्णांत ती अॅस्परजिलस असतानाही बऱ्याचदा चुकते, आणि म्युकर तर तिला दिसतच नाही. बीटा-डी-ग्लुकान या बुरशीच्या दुसऱ्या रक्ततपासणीलाही दिसत नाही. तरी सावधगिरी म्हणून व्होरिकोनाझोल हे बुरशीचं औषध सुरू केलं. म्युकरवर व्होरिकोनाझोल चालत नाही. चाललं काय, तर त्यानं यकृतातलं टॅक्रोलिमस मोडणारं एन्झाइम अडवलं आणि रक्तातली टॅक्रोलिमसची पातळी चढत गेली. व्होरिकोनाझोल सुरू करताना टॅक्रोलिमस एक तृतीयांशावर आणावं, असं औषधाच्या माहितीपत्रकातच छापलेलं असतं. इथे ते निम्म्यावर आणलं, आणि पातळीचा रिपोर्ट बाहेरच्या लॅबमधून तिसऱ्या दिवशी आला.

बुधवारी संध्याकाळी हिस्टोपॅथचा रिपोर्ट: रुंद, पडदे नसलेले, काटकोनात फुटणारे धागे, रक्तवाहिनीत शिरलेले. मी तो कागद वाचला आणि मला माझा बेंच दिसला. रक्तवाहिनीचं सोडलं तर हेच वाक्य शनिवारी पाच वाजता लिहिता आलं असतं.

मग लिपोसोमल अॅम्फोटेरिसिन हवं, म्हणजे म्युकरवरच्या जुन्या औषधाचा मूत्रपिंडाला कमी त्रास देणारा प्रकार. किलोमागे रोज निदान ५ मिलिग्रॅम. भाऊ ५८ किलोचा, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा व्हायल रोज. रुग्णालयाच्या औषध दुकानात दोन होत्या. भाचा मोटारसायकलवर तीन शहरं फिरला. तोपर्यंत थांबायचं की साधं अॅम्फोटेरिसिन द्यायचं? डॉक्टरांनी साधं दिलं आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही दिलं असतं. दोन दिवस. पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये, हळूहळू (सलाइनमध्ये घातलं तर ते फाटतं, म्हणून मी सिस्टरला दोनदा विचारलं आणि तिनं दोन्ही वेळा न चिडता उत्तर दिलं). ते चढलं की अशी हुडहुडी भरायची की खाट वाजायची. बुरशी मारणारं हे जुनं औषध मूत्रपिंडालाही मारतं, हे ते वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आणि इथे मूत्रपिंड एकच, तेही उसनं.

क्रिएटिनिन ३.२ पर्यंत गेलं. फुप्फुसाचा वरचा भाग कापून काढावा लागला, लिपोसोमल पाच आठवडे चाललं, पुढे सहा महिने पोसाकोनाझोलच्या गोळ्या. आज क्रिएटिनिन २.४ आहे. माझ्या मूत्रपिंडाचं आयुष्य किती कमी झालं, ते कोणी सांगत नाही आणि मी विचारत नाही. त्यात टॅक्रोलिमसच्या चढलेल्या पातळीचा वाटा किती, साध्या अॅम्फोटेरिसिनचा किती आणि बुरशीचा स्वतःचा किती, हे वेगळं काढताही येणार नाही.

हे पत्र त्या रुग्णालयाची तक्रार नाही. तक्रारच करायची असती तर नाव लिहिलं असतं. तिथल्या माणसांनी माझा भाऊ वाचवला. पण मला ठाऊक आहे की याच्याहून लहान केंद्रांत हेच होतं आणि याच्याहून मोठ्या केंद्रांतही सुट्टीच्या दिवशी हेच होतं, कारण त्यांच्याकडचे तुकडे मी वर्षानुवर्षं फॉर्मॅलिनमध्ये घेतले आहेत. फोन करून "दुसरा आहे का हो?" विचारलं की पलीकडून एकच उत्तर यायचं: "नाही, सगळा त्यातच टाकला."

२०१४ च्या नियमांत प्रत्यारोपण केंद्राकडे मायक्रोबायोलॉजीसह अनेक शाखांच्या तपासण्यांची सोय आणि प्रशिक्षित माणसं असावीत, असं लिहिलं आहे. मायक्रोबायोलॉजी हा एक शब्द. तपासणीला येणारे अधिकारी विभागाचा बोर्ड पाहतात, इन्क्युबेटर पाहतात, सही करतात. मी अशा दोन तपासण्यांना हजर होते आणि दोन्ही वेळा आमच्या बुरशीच्या कपाटाला कुलूप होतं, कारण किल्ली माझ्याकडे होती आणि मला कोणी विचारलंच नाही. माझी पहिली मागणी एवढीच: राज्याच्या पातळीवर एक परिपत्रक काढून त्या एका शब्दाच्या पोटात काय असलं पाहिजे ते लिहा. प्रत्यारोपणाच्या रुग्णाचा कुठलाही तुकडा दोन बाटल्यांत जाईल. केओएचचा निकाल रात्र असो की रविवार, चार तासांत फोनवर मिळेल. टॅक्रोलिमसची आणि बुरशीच्या औषधांची रक्तातली पातळी दुसऱ्या दिवशी हातात येईल. स्वतःकडे सोय नसेल तर कुठल्या लॅबशी करार आहे, तो दाखवावा लागेल. यासाठी नवी इमारत लागत नाही. पाळीवर एक माणूस लागतो, ज्यानं धागे पाहिलेले आहेत.

"चार तासांनी काय फरक पडतो?" असं विचारणाऱ्यांसाठी एक आकडा. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयातल्या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांवरचा म्युकरचा अभ्यास २००८ मध्ये आला. अॅम्फोटेरिसिन सुरू व्हायला सहा किंवा जास्त दिवस लागले त्यांच्यातले ८३ टक्के बारा आठवड्यांत गेले. ज्यांना लवकर मिळालं त्यांच्यातले ४९ टक्के. लवकर मिळूनही निम्मे जातात, असा हा आजार आहे. आमचे चार दिवस नुसत्या बाटलीपायी गेले.

बुरशी म्हटलं की २०२१ नंतर सगळ्यांना म्युकरच आठवतो. पण प्रत्यारोपणवाल्यांच्या वाट्याला याहून विरळ मंडळीही येतात आणि प्रत्येकीचं औषध वेगळं, कधीकधी थेट उलटं. म्युकरला अॅम्फोटेरिसिन हवं आणि व्होरिकोनाझोल चालत नाही. सेडोस्पोरियमला अॅम्फोटेरिसिन जुमानत नाही, तिथे व्होरिकोनाझोल हवं. अॅस्परजिलसमधलाच टेरियस नावाचा भाऊबंद अॅम्फोटेरिसिनला दाद देत नाही. लोमेंटोस्पोरावर जवळपास काहीच चालत नाही. क्रिप्टोकॉकस कबुतरांच्या विष्ठेत राहतो आणि मेंदूच्या आवरणात जाऊन बसतो. त्याच्यावर कॅन्डिडासाठीची कॅस्पोफंजिनसारखी महागडी औषधं वाया जातात. (दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये एवढं रान उठलं, बाजूनं आणि विरोधात. त्यात कोणीतरी एकदा तरी म्हणायला हवं होतं की या शहरात प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणारी हजारो माणसं राहतात. असो.)

माझ्या बेंचवरची एक आठवण सांगते. एका मूत्रपिंडवाल्या बाईंच्या मेंदूतल्या गळूचा पू आला होता, सलाइनमध्ये, शहाण्या न्यूरोसर्जननं पाठवलेला. केओएचमध्ये तपकिरी धागे. तपकिरी म्हटल्यावर मी खुर्चीतून उठले. सबुरोच्या स्लँटवर (बुरशी वाढवायच्या तिरप्या नळीत) दहाव्या दिवशी राखाडी-हिरवट मखमल आली, मागून शाईसारखी काळी. लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लूमध्ये लांबच लांब, फारशा न फुटलेल्या बीजाणूंच्या माळा. क्लॅडोफियालोफोरा बँटियाना. मेंदूचीच आवड असलेली बुरशी. आमच्या मॅडमनी ती चंदीगडला पीजीआय या वैद्यकीय संस्थेतल्या बुरशींच्या राष्ट्रीय संग्रहाकडे पाठवली आणि तिथून शिक्कामोर्तब झालं. त्या बाईंचं पुढे काय झालं, ते लॅबमधल्या माणसाला कळत नाही. आमच्याकडे रुग्ण म्हणजे एक नंबर आणि एक स्लँट. पण तो पू फॉर्मॅलिनमध्ये आला असता तर रिपोर्टवर "फंगल हायफी" (बुरशीचे धागे) एवढंच आलं असतं आणि औषध अंदाजानं गेलं असतं.

तर दुसरी मागणी अशी की बुरशी सापडली की ती टाकून देऊ नका. विभागागणिक एक बुरशीची लॅब नेमा. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, जिथे अवयववाटपाच्या विभागीय समित्या आधीच आहेत. अवयव वेळेत पोचावा म्हणून रस्ते मोकळे करून ग्रीन कॉरिडॉर करणारं राज्य एक स्लँट पुण्याहून चंदीगडला पाठवू शकत नाही, यावर मी विश्वास ठेवणार नाही.

आणि नोंद ठेवा. अमेरिकेत २३ केंद्रांनी २००१ ते २००६ अशी एकत्र नोंद ठेवली. त्यातून कळलं की वर्षभरात मूत्रपिंडवाल्यांपैकी १.३ टक्के, यकृतवाल्यांपैकी ४.७, फुप्फुसवाल्यांपैकी ८.६ आणि लहान आतडंवाल्यांपैकी ११.६ टक्क्यांना खोल बुरशीचा संसर्ग होतो, आणि त्यात निम्म्याहून जास्त कॅन्डिडा. म्युकर त्यांच्याकडे दोन-अडीच टक्के. आपल्याकडे हे चित्र असंच असेल असं समजून उपचार करणं म्हणजे दुसऱ्याच्या गावचा नकाशा घेऊन आपल्या गावात घर शोधणं. म्युकरचं प्रमाण भारतात जगाच्या सुमारे ७० पट असल्याचा पीजीआयच्या डॉ. अरुणालोक चक्रवर्तींच्या चमूचा अंदाज कोविडच्या आधीचा आहे. मूत्रपिंडातच शिरणारा म्युकर आपल्याकडे दिसतो तेवढा दुसरीकडे दिसत नाही. अॅपोफायसोमायसिस ही म्युकरचीच एक जात तर जगाला पहिल्यांदा सापडली ती आपल्या देशातल्या आमराईच्या मातीत, १९७९ मध्ये. सॅक्सेनिया सागरच्या जंगलातल्या मातीतून, १९५३ मध्ये. तिचं तर नावसुद्धा आपलं आहे. नोंद नाही.

आजार विरळ असला की पुरावाही विरळ असतो. म्युकरसाठी आयसाव्हुकोनाझोल जगभर मान्य झालं ते ३७ रुग्णांच्या अभ्यासावर. ३७. २०२१ च्या जुलैपर्यंत केंद्र सरकारनं संसदेत सांगितलेले म्युकरचे रुग्ण ४५ हजारांहून जास्त होते, मृत्यू ४,३०० हून जास्त, आणि सर्वांत जास्त रुग्ण महाराष्ट्रात. त्या सगळ्या केसपेपरांतून आपण नीट शिकलो असतो तर आज जग आपल्याकडे विचारायला आलं असतं. ते कागद बहुधा रेकॉर्डरूममध्ये आहेत. त्यांनाही आता बुरशी आली असेल.

२०२१ ची आठवण आणखी एका कारणासाठी काढते. तेव्हा सरकारनं काय काय केलं, ते मी आतून पाहिलं आहे. म्युकरची नोंद सक्तीची झाली. उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आले. लिपोसोमल अॅम्फोटेरिसिनचं वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत झालं, जीएसटी काही महिन्यांसाठी शून्यावर आला. गोंधळ होता, रांगा होत्या, काळाबाजार होता, तरी व्हायल कुठे किती आहेत हे कोणालातरी ठाऊक होतं. लाट ओसरली आणि ती व्यवस्थाही ओसरली. पण प्रत्यारोपणवाल्यांची लाट ओसरत नसते. २०२३ या एका वर्षात देशात १८ हजारांवर प्रत्यारोपणं झाली. त्यातला प्रत्येक जण आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबून जगणार आहे.

म्हणून तिसरी मागणी. त्याच चार विभागांत लिपोसोमल अॅम्फोटेरिसिनचा सामायिक साठा ठेवा. सगळ्या उपचारांचा नको, पहिल्या तीन दिवसांचा. साठ किलोच्या माणसाला १८ व्हायल. पाच रुग्णांपुरत्या ठेवायच्या तर ९०. कोणत्याही केंद्राला फोन करून त्याच रात्री मिळाव्यात, पुढची सोय रुग्णालयानं तीन दिवसांत करावी आणि घेतलेल्या व्हायल परत भराव्यात. मुदत संपत आली की मोठ्या रुग्णालयांत फिरवाव्यात, म्हणजे वायाही जाणार नाहीत. आम्हाला त्या दोन दिवसांसाठी बारा व्हायल हव्या होत्या.

आणि पैसे. योजनेच्या खिडकीवर आम्हाला सांगण्यात आलं की प्रत्यारोपणाची मंजूर रक्कम संपली, आता पुढचं तुमचं तुम्ही पाहा. खिडकीवरच्या मुलीचा दोष नाही, तिच्या स्क्रीनवर तसंच दिसत होतं. पण पाच आठवडे रोज सहा म्हणजे २१० व्हायल, एकेक हजारांच्या घरातली. दोन एकरांतला एक आमच्या हातून गेला. ज्या रुग्णाचं प्रत्यारोपण सरकारनं स्वतः पैसे घालून केलं, त्याचा अवयव तीन महिन्यांत औषधावाचून घालवायचा, हा हिशोब मला तरी कळत नाही. खोल बुरशीच्या संसर्गाला प्रत्यारोपणाच्या रकमेबाहेर वेगळं धरा आणि त्यात लिपोसोमल पूर्ण मुदतीचं असू द्या.

या औषधाबद्दल एक अभिमानाची गोष्ट आपल्या दप्तरी असावी म्हणून लिहिते. परदेशी लिपोसोमल परवडत नव्हतं तेव्हा परळच्या केईएममध्ये डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी दिल्ली विद्यापीठातल्या प्रा. बच्छावत यांच्यासोबत भारतीय लिपोसोमल अॅम्फोटेरिसिन उभं केलं. महापालिकेच्या रुग्णालयात. ज्या राज्यात हे घडलं तिथे पोरं मोटारसायकलवर व्हायल शोधत फिरतात.

मातीचंही एक गंमतशीर आहे. अॅम्फोटेरिसिन व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या जंतूपासून निघालं. टॅक्रोलिमस जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जंतूपासून. भावाच्या डब्यातली तिसरी गोळी, मायकोफिनोलेट, ती तर चक्क बुरशीपासूनच आलेली. आणि ज्यानं त्याला आडवं केलं तो म्युकरही मातीतलाच. मातीनं दिलेल्या औषधांनी मूत्रपिंड टिकवायचं आणि मातीपासूनच त्याला लांब ठेवायचं.

त्या लांब ठेवण्याबद्दल केंद्रांच्या प्रमुखांना थोडं सांगायचं आहे. डिस्चार्जच्या वेळी आम्हाला जो कागद मिळाला त्यावर पाणी उकळून प्या, कच्ची कोशिंबीर नको, गर्दीत मास्क, असं सगळं होतं. तो कागद शहरातल्या फ्लॅटसाठी लिहिलेला आहे. माझा भाऊ आठव्या आठवड्यात गावी गेला आणि दोन दिवस गोठ्याशेजारची कडब्याची गंज हलवत होता. खालचा कडबा पावसानं कुजलेला, हलवला की धूर निघावा तशी भुकटी उडायची. बुरशी तिथूनच आली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, हवेत ती सगळीकडेच असते. पण त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. कागदावर एवढं वाढवा: शेणखत, कुजका कडबा, भुईमुगाच्या जुन्या शेंगा, धान्याची बंद कोठी, विहिरीचा गाळ, कबुतरं आणि वटवाघळांची घाण, जुन्या भिंतीचं तोडकाम यांच्याजवळ पहिलं वर्षभर जायचं नाही, आणि जावंच लागलं तर साधा फडका नको, घट्ट बसणारा एन-९५. खोल काटा मोडला तर हळद दाबून बसू नका, दाखवा. बायकांना वेगळं सांगा, कारण गोठा त्याच साफ करतात आणि "थोडंच आहे" म्हणून हात घालतात. आणि हे इंग्रजीत छापू नका.

रेसिडेंट मुला-मुलींनाही एक विनंती, कारण शेवटी बाटली तुमच्या हातात असते. प्रत्यारोपणाचा रुग्ण, ताप, फुप्फुसात डाग किंवा नाकाशेजारी दुखणं, किंवा नव्या मूत्रपिंडावर सूज आणि लघवी कमी, असं काही असेल तर फॉर्मवर "फंगस? ट्रान्सप्लांट पेशंट" असं मोठ्या अक्षरात लिहा. नुसतं "कल्चर" लिहिलं की आमच्याकडची नवी मुलगी जिवाणूंच्या प्लेटवर लावते आणि दोन दिवसांनी "वाढ नाही" कळवते. बुरशीची प्लेट आम्ही चार आठवडे ठेवतो. आणि फोन करा. लॅबचा फोन वाजला की आम्हाला आनंद होतो, कारण तो सहसा फक्त रिपोर्ट कुठे आहे असं विचारायलाच वाजतो.

बुरशीचं औषध थांबवतानाही जपा. ते बंद केलं की यकृत पुन्हा मोकळं होतं आणि टॅक्रोलिमसची पातळी खाली घसरते. सगळे बुरशी गेली म्हणून आनंदात असतात आणि शरीर त्या मूत्रपिंडाला परकं ठरवायला लागतं. भावाची पोसाकोनाझोल थांबवली तेव्हा आम्ही आठवड्यातून दोनदा पातळी पाहिली. नमुना कुरिअरनं जायचा. दर वेळी मी बर्फाच्या पिशव्या डीप फ्रीजमध्ये ठेवायची आणि नातू त्यांना आइस्क्रीम समजून रडायचा.

माझ्याकडून जे होईल तेही लिहून ठेवते. माझ्या घरी १४० स्लाइड आहेत, पक्क्या केलेल्या, म्युकरपासून बँटियानापर्यंत. त्यावर कोणाचं नाव नाही, फक्त बुरशीचं आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे इथल्या कुठल्याही केंद्रानं बोलावलं तर मी दोन दिवस येऊन पाळीवरच्या मुलामुलींना केओएच बघायला शिकवेन. मानधन नको, मायक्रोस्कोपचा दिवा तेवढा चालू असलेला हवा. मॅडम सध्या जिथे आहेत तिथून त्याही यायला तयार आहेत.

परवा भावाची तपासणी आहे. डागाच्या जागी काहीतरी बारीक दिसतंय म्हणाले, जुना व्रणही असेल, गरज पडली तर पुन्हा सुई घालू. मी पिशवीत त्याचा डबा, फाइल, आणि दोन निर्जंतुक बाटल्या भरल्या आहेत. एकीत सलाइन घातलंय. दुसरी, सलाइन सांडलंच तर.

आपली,
एक मूत्रपिंडदाती, निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
सातारा जिल्हा